न बसणारा पेटीमास्तर

बेबीताई कम्प्युटरशी भांडतात ते उभ्यानं. खुर्ची मागे सरकवतात, पदर कमरेला खोचतात, डावा हात टेबलावर टेकवतात आणि उजव्या हाताचं बोट पडद्यावर रोखून सुरू होतात. दार सताड उघडं असतं, कारण बंद दाराआड भांडणं हे त्यांच्या मते चोराचं लक्षण. त्यामुळे आमच्या वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत सकाळी दुधाला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते असं काही: "अबे, नाई म्हनाचं तर म्हन, पन कारन सांग! नुसतं तोंड काय फिरवून राह्यला?"

नवीन भाडेकरूंना वाटतं, ताईंचा एखादा वाया गेलेला मुलगा घरात असावा. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पितो का हो तो?" मी म्हटलं, "पीत नाही. नुसता मध्येच बंद पडतो." त्यांनी फार कळवळून मान हलवली.

सत्तरीला टेकलेल्या बाईला बेबी म्हणणं तुम्हाला विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही. रिटायर झाल्या तेव्हा ऑफिसच्या लोकांनी दारावर लावायला पितळी पाटी भेट दिली, त्यावर त्यांचं कागदोपत्री नाव होतं. ताईंनी ती दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. "या नावानं मले कोन हाक मारते? पोस्टमन दारातून वापस जाईन," म्हणाल्या. आता पाटीवर 'बेबीताई' एवढंच आहे आणि पोस्टमन बरोबर येतो.

मी त्यांचा शेजारी, दिलीप. विम्याचं काम करतो, म्हणजे लोकांचं 'नाही' ऐकून घेणं हाच माझा धंदा. बेबीताईंनी मात्र कुणाचं 'नाही' कधी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. "कसं नाई होत, पाह्यते ना मी!" हे त्यांचं वाक्य. ते एकदा उच्चारलं की समोरच्यानं आवरतं घ्यावं. नागपूरहून येताना एकदा जाम गावाच्या चौकात एस.टी. थांबली. ताई चहा प्यायला उतरल्या. चहा उकळता, गाडी सुटायला आलेली, कंडक्टर घंटी मारतोय. ताई कप हातात धरून गाडीच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी नेता येत नाई. कप दुकानदाराचा हाय." कंडक्टरनं घंटीची दोरी सोडून दिली. ताईंनी फुंकर घालत घालत चहा संपवला, कप दुकानात नेऊन दिला आणि मग गाडी वर्ध्याला निघाली.

नवरा फार लवकर गेला. त्याच्या जागी ताईंना सरकारी ऑफिसात क्लार्कची नोकरी मिळाली आणि उभी हयात त्यांनी तिथे फाइली फिरवण्यात घालवली. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालेलं आहे. "फाइल नामंजूर होत नसते, दिलीप. ती चुकीच्या टाइमले गेलेली असते." सकाळी साहेब ताजातवाना असतो, त्याला चुका दिसतात. तीच फाइल जेवणानंतर न्यावी, डोळे जड झालेले असतात, सही होते. हे शास्त्र त्या माणसांपुरतं ठेवत नाहीत. गॅसचा नंबर लावायचा असो की मोबाइल दुरुस्त करायचा असो, त्या दुपारी दोननंतरच हलतात.

आता ताईंच्या भजनी मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. आमच्या वस्तीत बायकांचं खंजिरी भजनाचं मंडळ आहे. खंजिऱ्या आहेत, टाळ आहेत, गळे आहेत. पूर्वी पेटीवर एक म्हातारे मास्तर होते. ते पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि मंडळाची पेटी बंद पडली. दुसऱ्या कुणीही दुसरा पेटीवाला शोधला असता. ताई नागपूरला गेल्या आणि एक कम्प्युटर, दोन स्पीकर आणि संगीताच्या सॉफ्टवेअरची एक सीडी घेऊन आल्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये पेटी, तबला, तंबोरा सगळं होतं. एकेक सूर माउसनं टिपून टिपून ताईंनी मंडळाच्या सगळ्या भजनांची साथ त्यात तयार केली. वर्ष गेलं त्यात. साथ तयार झाली की ती मूळ फाइलीसकट पेनड्राइव्हवर घ्यायची, स्पीकरला लावायची आणि बायकांनी गायचं.

त्या सॉफ्टवेअरला ताई 'मास्तर' म्हणतात. "जुन्या मास्तरपेक्षा बरा हाय," असं त्या सर्टिफिकेटही देतात. "चहा मांगत नाई, तंबाखूचा खर्रा खात नाई, अन् तबलेवाल्यासंग भांडत नाई."

मंडळाच्या मुख्य गायिका म्हणजे मोठ्याबाई. या बेबीताईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊबाई, राहतात मधल्या भिंतीच्या पलीकडे. दोघींचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. शेवग्याची फांदी कुणाच्या अंगणात वाकावी, कुरड्यांचा गहू किती दिवस भिजवावा, मंडळाच्या साड्या कुठल्या रंगाच्या असाव्यात, सगळ्यावर वाद. मोठ्याबाईंचं वय ऐंशीच्या घरात, पण ऐट अशी की विचारू नका. "मी आजबी काळी पाचमधी गाते," हे त्या ओळख करून देतानाच सांगतात. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बायकांच्या गळ्याला काळी पाच ही चांगली उंच पट्टी. भल्या भल्या पोरींना तिथून वरचे सूर घेताना घाम फुटतो.

"गाते म्हने काळी पाचमधी," बेबीताई भिंतीकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या. "कावळेबी तिथंच गाते."

पलीकडून उत्तर यायचं, "तुले तर तेबी येत नाई, बेबे!"

हे काही खरं नव्हतं. बेबीताईंचा आवाज पातळ आणि उंच, पहाटे अंगणात सडा टाकताना त्या गुणगुणतात तेव्हा मी खिडकीशी चहा घेऊन बसतो. मी स्वतः पेटी वाजवतो, त्यामुळे सांगू शकतो की काळी पाच त्यांच्या गळ्यात सहज आहे. पण मंडळात त्या मोठ्याबाईंच्या मागे झील देतात, म्हणजे मुख्य गायिकेची ओळ उचलून म्हणतात, आणि पुढे व्हायचा विषयही काढत नाहीत.

तर यंदा उन्हाळ्यात ताईंच्या जुन्या कम्प्युटरनं मान टाकली. दुकानवाल्यानं उघडून पाहिलं आणि हात जोडले. ताईंनी नवा घेतला. तो आला, बसला, लखलखला, आणि मास्तरला घरात घ्यायला साफ नकार दिला. हे सॉफ्टवेअर या सिस्टिमवर चालत नाही, सपोर्टेड नाही, असं इंग्रजीत लिहून आलं.

"सपोर्ट मांगतला कोनं तुले?" ताई उभ्या राहिल्या. "मी त्याले फक्त आत येऊ दे म्हनून राह्यली!"

वेळही नेमकी वाईट. देवळीला बायकांच्या भजनाची स्पर्धा होती. मंडळ दरवर्षी जायचं, बक्षीस क्वचित मिळायचं, पण देवळी म्हणजे दोघी जावांचं सासरगाव, त्यामुळे तिथे जाणं चुकवायचं नाही असा रिवाज. बायका म्हणाल्या, काळजी कशाची, गेल्या वर्षीची साथ पेनड्राइव्हवर आहेच, तीच लावू. एका संध्याकाळी लावलीही. मोठ्याबाई वरच्या ओळीला गेल्या आणि मध्येच ठसका लागून थांबल्या. हिवाळ्यात त्यांना खोकल्यानं फार धरलं होतं. "आज घसा धरला," म्हणाल्या. ताईंनी ताडकन उठून वायर ओढली.

"स्पीकर खराब हाय. अन् हे जुनं नाई चालत. मास्तर बसला तर मंडळ देवळीले जाईन. नाई तर या साली नाई जात."

"काऊन नाई जात?" मोठ्याबाई उसळल्या. "मी जुन्यावर गाते, नव्यावर गाते, थाळीवरबी गाते! तू कोन अडवनारी?"

"पाह्यते मी कशी जाता ते!"

त्या रात्री मी मोठ्या मनानं निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी पेटी खांद्यावर घेऊन ताईंच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, मी वाजवतो साथ. देवळीला मी येतो." एवढं बोलून मी आभाराची वाट पाहत थांबलो.

"नको," ताई म्हणाल्या. "पेटी घरी ठेवून ये अन् मंग हातभार लावाले ये."

मला राग आला. मी काही ऐरागैरा वाजवत नाही. गणपतीत मी वाजवतो, लोक थांबून ऐकतात. पण माझ्यापेक्षा त्यांना एक बंद पडलेलं सॉफ्टवेअर जवळचं होतं. फुरंगटून दोन दिवस मी त्यांच्या घराकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण भांडणाचा आवाज फारच रंगात आला होता.

दुकानवाल्यानं आधीच सांगून टाकलं होतं, "काकू, हे सॉफ्टवेअर बनवनारी कंपनीच बंद झाली. सोडून द्या."

"कंपनी बंद झाली तर मी काऊन सोडू? माह्या शिवनमशीनची कंपनीबी बंद झाली. मशीननं शिवनं सोडलं का?"

 त्याच्या दुकानात ताईंनीच शिवलेला पडदा होता.

मग सुरू झाली ताईंची मोहीम. नव्या कम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती, ती जोडायची डबी मी माझ्या जुन्या सामानातून काढून दिली. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून ताई एकेक युक्ती शिकल्या. पहिली युक्ती, प्रोग्रामवर क्लिक करून जुन्या पद्धतीनं चाल असं सांगायचं. सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. दुसरी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. "म्हंजे घरमालकीन म्हनून हुकूम द्याचा," ताईंनी मला समजावलं आणि हुकूम दिला. त्यानं मालकिणीलाही जुमानलं नाही. मग त्यांचं ऑफिसचं शास्त्र आलं. सकाळी प्रयत्न बंद. जेवणं झाली, वामकुक्षीची वेळ झाली, गल्ली सामसूम झाली की ताई अलगद कम्प्युटर उघडायच्या. "आता सुस्तावला असन," असं मला कुजबुजत सांगायच्या आणि सीडी सरकवायच्या. तो सुस्तावलेला नसायचा.

त्यानंतर त्यांनी कम्प्युटरचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे नेलं. "त्याले वाटू दे का अजून तोच जमाना हाय." कम्प्युटरला तसं वाटलं की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून विजेच्या बिलाची साइट उघडेनाशी झाली. मी तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. त्या टाइमले बिल आपन लायनीत उभं राहूनच भरत होतो." आणि खरोखर लायनीत उभं राहून भरून आल्या.

शेवटी एका व्हिडिओत त्यांना रस्ता सापडला. नव्या कम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कम्प्युटर तयार करता येतो, म्हणे. त्यात जुनीच सिस्टिम टाकायची आणि जुना प्रोग्राम तिथे चालवायचा. मला ते काही कळेना. ताईंना एका झटक्यात कळलं.

"सोपं हाय दिलीप. नव्या घरात सासूले वेगळी खोली काढून द्याची. आतमधी ती तिच्या जुन्या रीतीनं राह्यते. बाहेरच्याइले तरास नाई, तिलेबी तरास नाई."

जुन्या सिस्टिमची सीडी त्यांनी ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती. सासूची खोली तयार झाली. पडद्याच्या मधोमध एक छोटा पडदा उघडला आणि त्यात जुन्या कम्प्युटरवरचा तो हिरव्या माळाचा देखावा दिसला, तेव्हा ताईंनी खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर आपटले. मग मास्तरची सीडी घातली. "नाही" आलं नाही! हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यापर्यंत आली, थोडी पुढे गेली आणि थांबली. एक फाइल वाचता येत नाही, असं लिहून आलं. पुन्हा घातली. पुन्हा तिथेच थांबली. दिवसभर ती पट्टी त्याच जागी येऊन अडत होती आणि ताई नव्या सिस्टिमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. देवळीची स्पर्धा चार दिवसांवर आली होती. पलीकडून मोठ्याबाईंचा निरोप आला की गाडी ठरवली आहे, पेनड्राइव्ह आपला आपण घेऊ, कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. निरोप ऐकून ताईंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना रागावलेलं हजारदा पाहिलंय, घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काही सुचेना म्हणून मी सीडी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. चकचकीत बाजूवर लालसर पिवळा, जाडजूड, वाळून कडक झालेला ठिपका होता.

"ताई, हे काय आहे?"

"हळदकुंकू. दसऱ्याले लावते ना. मशीनले लावते, विळीले लावते, मास्तरले नाई लावाचं?"

"पण या बाजूला?"

"मंग कुठं? तिकून नाव लिहेल हाय, ती पाठ झाली. इकून आपला चेहरा दिसते. म्हंजे हाच चेहरा."

 जुन्या कम्प्युटरवर मास्तर एकदा बसला तो बसला, सीडी पुन्हा लागलीच नव्हती. ती दर दसऱ्याला ट्रंकेतून निघायची, पूजा घेऊन परत ट्रंकेत जायची. कंपनी, सिस्टिम, दुकानवाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या आणि वाट अडवून बसलं होतं ते कुंकवाचं बोट. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. ताई एक क्षण माझ्याकडे रोखून पाहत राहिल्या, मग स्वतःच खो खो हसत सुटल्या. हसता हसता उठल्या, चांदीचे दागिने धुवायला ठेवलेलं रिठ्याचं पाणी घेऊन आल्या आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी ती सीडी धुतली. मऊ धोतराच्या फडक्यानं टिपली. फुंकर घातली.

दुपारचे दोन वाजून गेले होते. पट्टी अर्ध्यापाशी आली, जरा घुटमळली आणि पुढे सरकली.

मास्तर बसला. जुनी फाइल उघडली, स्पीकरमधून पेटी वाजली. "या मास्तर," ताई एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मेनू उघडला, काहीतरी दाबलं, पेटी पुन्हा वाजवून ऐकली. आणखी एकदा दाबलं. मी सवयीनं सुरात सूर मिसळून गुणगुणत होतो आणि बोलून गेलो, "ताई, ही काळी पाच नाही. खाली आहे बरीच. पांढरी चार झाली ही."

ताईंचा हात माउसवरच थांबला. त्या उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत दिवसाढवळ्या ते दार लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुहा कान चांगला हाय," त्या बसत म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. "म्हनूनच तुले पेटी घेऊन येऊ देत नाई."

"म्हणजे मोठ्याबाई काळी पाचमध्ये गातच नाहीत?"

"केव्हाच सुटली ती. मास्तर होते, ते खरे मास्तर, तेव्हाच बाईचा आवाज वर टिकेनासा झालता. ते बिचारे गुपचूप एक पट्टी उतरवून वाजवत अन् बाईले काळी पाचच सांगत. जाताना मले म्हने, बेबी, नव्या पेटीवाल्याच्या हाती देऊ नको, तो खरं सांगून टाकन. म्हनून हे घेतलं. चार-पाच सालानं एक पट्टी उतरवते. या साली खोकल्यानं दोन उतरवा लागल्या. जुन्या पेनड्राइव्हवर ती देवळीले गेली असती तर भर स्टेजवर फाटला असता आवाज."

"मग फोनवर उतरवायची ना साथ! हल्ली होतं ते."

"करून पाह्यलं. पेटी म्हशीसारखी हंबरते. बाईले लगेच समजन."

मी म्हणालो, "ताई, वयाबरोबर सगळ्यांचीच पट्टी उतरते. त्यांना सांगितलं तर काय बिघडेल?"

 ताई म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी पोरगीच होती. देवळीले घरी भजन ठेवलंतं. मी येऊन बसली तर बाया म्हने, हिले मागं बसवा, समोर नको. मी उठली मागं जाले. बाईनं माहा हात धरला, ओढून पेटीपाशी बसवलं, अन् असा सूर लावला दिलीप, असा वर, का बोलनाऱ्याइचे तोंडच बंद झाले. मंग मले म्हने, दे झील. मी रडत रडत दिली. त्या दिवसापासून मी कुठंबी मागं बसली नाई. ऑफिसात नाई, मीटिंगीत नाई. तो सूर गेला असं तिले या डब्यानं काऊन सांगावं? कोन हाय तो?"

 पेटी नाकारल्याचा माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही. ताईंनी डोळे पुसले नाहीत, त्या लगेच उठल्या, दार सताड उघडलं आणि पलीकडे ओरडल्या, "बाई! बसला मास्तर! चार दिवस आइस्क्रीम खासान तर पाह्यजा!"

"मले शिकवते! मी काळी पाचची हाव!" पलीकडून आलं.

देवळीला मीही गेलो, प्रेक्षक म्हणून, हात हलवत. मंडप भरलेला होता. दोघी जावा पहिल्या ओळीत, मांडीला मांडी लावून. साथ सुरू झाली, खंजिऱ्या घुमल्या, मोठ्याबाईंनी डोळे मिटले. सुरुवातीची ओळ खालच्या सुरांतली होती. मंडळानं झील उचलली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ऐकू येणाऱ्या आवाजांत एक पातळ आवाज नव्हता. मी बेबीताईंकडे पाहिलं. टाळ वाजत होते, मान डोलत होती, ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते, पण त्यातून आवाज निघत नव्हता. पट्टी इतकी उतरली होती की ते खालचे सूर ताईंच्या उंच गळ्याला लागूच शकत नव्हते. जावेचा वरचा सूर राखायला त्यांनी दर वेळी एकेक पायरी उतरवली होती आणि त्या उतरंडीत स्वतःचा आवाज बाहेर ठेवला होता. साथ जुन्या पट्टीत राहू दिली असती तर मोठ्याबाई थांबल्या असत्या आणि त्यांची जागा आपोआप ताईंकडे आली असती. मोठ्याबाई वरच्या ओळीला पोचल्या, सूर लागला, लांबला, मंडप टाळ्यांनी भरला. ताईंनी टाळ जोरात वाजवले.

बक्षीस दुसऱ्या मंडळाला मिळालं. पण मोठ्याबाई मंडपाबाहेर आल्या त्या दोन इंच उंच होऊन. गाडीत बसताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाह्यलं? काळी पाच! अन् बेबे, तुहा तर आवाजच ऐकू नाई आला वो. गेला आता तुहा आवाज."

मी जागेवरून उठणारच होतो. ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. मी वाट पाहत राहिलो, आता पदर खोचतील, आता बोट रोखतील.

"हो बाई," ताई बसल्या बसल्या म्हणाल्या. "गेला."

कुणाचीही एवढीशी गोष्ट मान्य करताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. मोठ्याबाईंना त्या उत्तराची सवय नसावी, त्या जरा गोंधळल्या, मग त्यांनी आपली शाल ताईंच्या खांद्यावर अर्धी ओढून दिली आणि थोड्याच वेळात झोपून गेल्या. झोपेत त्यांचं डोकं ताईंच्या खांद्यावर आलं. ताई हलल्या नाहीत.

बोरगावच्या वळणाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "दिलीप, पुढच्या साली आनखी एक पट्टी उतरवा लागन. करन ना मास्तर?"

"माहीत नाही ताई. तोपर्यंत हा कम्प्युटर सासूची खोली काढू देतो की नाही कुणास ठाऊक. नवीन काहीतरी येईल, परत नाही म्हणेल."

जाऊबाईंची झोप मोडू नये म्हणून ताई ओरडल्या नाहीत. फक्त खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बोट रोखलं.

"म्हनू दे," म्हणाल्या. "कसं नाई होत, पाह्यते ना मी."